गॅप

कोपरखैरण्यात, पिठाच्या गिरणीच्या वर आमची खोली.
दाराला आतून शिशाचा पत्रा.
गिरणी चालू झाली की टेबल बारीक थरथरतं,
म्हणून कमरेचे फोटो
मी गिरणीवाल्याच्या जेवणाच्या वेळेत काढते.

लोक येतात ते सांगतच येतात,
ताई, मणक्यात गॅप आलाय.
मी काही बोलत नाही.
खरं तर गॅप गेलेला असतो.
दोन मणक्यांमधली ती काळी फट,
जिच्यात गादी असते आणि फोटोत काहीच नसतं,
ती मिटत मिटत जाते
आणि हाड हाडाला टेकतं,
रात्रपाळीचे दोघे एकमेकांवर कलून झोपतात तसं.

ज्ञानू सपकाळ, वय एकसष्ट, मूळ जावळीकडचे.
मसाला मार्केटात चाळीस वर्षं पोती.
मानेतला पाचवा आणि सहावा जवळजवळ एकच झालेले,
कडांना चोची फुटलेल्या.
स्क्रीनकडे बघून म्हणाले, किती पोती दिसतात यात?
म्हटलं, मोजता येत नाहीत, काका.
खूश झाले.
जाताना लवंगांची पुडी ठेवून गेले टेबलावर.

चांगुणाबाई मढवी, घणसोली गावठाण.
दोन्ही पाय धनुष्यासारखे,
गुडघ्याची आतली बाजू घासून पार बसलेली.
खाडीच्या चिखलात जन्मभर चिंबोऱ्या धरल्या.
म्हणाल्या, चिखल पाय लगेच सोडत नाही गो,
मागून घ्यावा लागतो.
मनगटाचाही फोटो होता.
साबण लावला तरी बांगड्या उतरेनात.
राहू देत म्हटलं.
काच फोटोत पांढरी उतरते.
संधिवाताने कुरतडलेल्या हाडांवर
नऊ गोल वर्तुळं, एकही न पिचलेलं.

पूर्वी फिल्म असायची, अंधारात धुवायची.
ग्रहण आलं की वसाहतीतली पोरं दारात,
मॅडम, एक जुनी फिल्म द्या ना.
कुणाच्या तरी बरगड्यांतून सूर्य बघायचा असायचा त्यांना.
मी द्यायची नाही, डोळे जातात.
एकदा एकाला दिली
आणि तीन दिवस त्याची आई भेटू नये म्हणून
लांबच्या रस्त्याने घरी गेले.

परवा सुजल घाडगे आला, चौदा वर्षांचा.
कबड्डीत पडला, महिना झाला, सूज जात नाही,
रात्री जास्त ठणकतं.
रात्री म्हणाला तेव्हाच माझा हात जरा थांबला.

गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाला
जिथं रेष सुरीने कापल्यासारखी सरळ हवी
तिथं साल उचललेली, तिकोनी,
आणि आडवे बारीक किरण, बाहेर, मांसात.
बालवाडीतलं पोर पाटीवर काढतं
तसा सूर्य.
डिप्लोमाच्या पुस्तकात हेच चित्र होतं.
खालचं नाव मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं,
विसरायला हवं होतं ते एव्हाना.

काचेपलीकडे त्याची आई.
लोक स्क्रीन बघत नाहीत, आमचं तोंड बघतात.
मुरगळलंच आहे ना फक्त?
डॉक्टर सांगतील.
हे वाक्य मी दिवसातून चाळीसदा म्हणते,
त्याला आजवर कधी वजन नव्हतं.

मॅडम, हललो का मी?
नाही रे, मस्त राहिलास. आता कुशीवर हो.
बाजूने दुसरा काढावाच लागतो.
त्या दुसऱ्याला मी उगाच खूप वेळ लावला,
त्याचा पाय सरळ केला,
मग होता तिथेच परत ठेवला.

रिपोर्ट उद्या मिळतो. मी डॉक्टरांना फोन लावला,
आज बघा, म्हटलं. आत्ता.
आईने साडेचारशे मोजून दिले,
पन्नासची नोट फाटकी होती, बदलून दिली.
जिन्यात तो एकेक पायरी थांबत उतरला,
तिच्या खांद्यावर हात,
आणि काहीतरी बोलून तिला हसवत होता.

खाली गिरणी सुरू झाली.
पुढचा नंबर बरगड्यांचा, रिक्षातून पडलेले एक आजोबा.
पाठ टेकवा. हनुवटी वर.
श्वास घ्या.
धरा.

आणि सोडा म्हणायला मला उशीर झाला.